दुसरी खूण

आत्याची तंद्री घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. बोलता बोलता ती मध्येच थांबली, नजर खिडकीवर टेकली आणि ओठ थोडे उघडे राहिले, की भावजय हळूच म्हणायची, "गेल्या ताई." मग तिला कुणी हाक मारायचं नाही. पाच-सात मिनिटांनी ती आपली आपण परत यायची आणि वाक्य जिथे सोडलं तिथूनच उचलायची. ऐकणारा तोवर आंघोळ करून आलेला असला तरी हिला त्याचं काही नाही! एकदा तर लिफ्टमध्येच लागली तंद्री. सहा मजले वर, सहा मजले खाली, असं चारदा. शेजाऱ्यांनी शेवटी बाहेर काढली तर म्हणते कशी, "आज लिफ्टचा आवाज फार छान येतोय."

अशी बाई कामाला बेभरवशाची असणार असं तुम्हाला वाटेल. तर तसं अजिबात नव्हतं. आत्याने एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात चाकं दुरुस्त केली होती. चाकाच्या खुर्च्या, औषधांच्या ढकलगाड्या, पलंग, स्ट्रेचर. तिथे जे जे म्हणून चाकावर चालतं ते सगळं. तळघराला अगदी वर, छताला लागून, एक लांबट खिडकी होती आणि तिच्यातून फक्त रस्त्यावरची पावलं दिसायची. आत्या ती पावलं बघत, मनाने कुठल्या कुठे हिंडत चाक बसवायची आणि चाक असं बसायचं, की खुर्चीतल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलू नये. डोकं एकीकडे, हात एकीकडे. दोघांचं कधी भांडण म्हणून झालं नाही.

आणि झालंच असतं, तर तिथे वजनकाटा होता. वजनकाटा म्हणजे पलंगांना रंग देणारा तिचा सोबती. शंभराला दोन-चार किलो कमी, असा देह. तळघराचा नियम होता, की दुरुस्त केलेल्या खुर्चीवर खडूच्या दोन खुणा हव्यात. पहिली खूण दुरुस्त करणाऱ्याची. दुसरी दुसऱ्या कुणाची तरी, आणि तीही स्वतः खुर्चीत बसून, उतारावरून एक फेरी मारून मगच. वजनकाटा खुर्चीत असा काही बसायचा की लोखंड कण्हायचं. "माझ्या बुडाखालून गेल्याशिवाय खुर्ची बाहेर गेली असं म्हणायचं नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

निवृत्त झाल्यावर आत्या भावाच्या इमारतीत तळमजल्यावरच्या खोलीत राहायला आली. येताना कामाचं टेबल घेऊन आली. जाड लाकडाचं, एका कडेला लोखंडी पकड बसवलेलं, तेलाने काळंभोर झालेलं. वजनकाट्याला काही आणता आलं नाही. तो लांब कुठेतरी लेकीकडे राहायला गेला होता.

सगळं ठीक चाललं होतं. मग गेल्या महिन्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या बाळाच्या गाडीचं प्रकरण झालं. गाडी दुरुस्त होऊन गेली आणि आत्याचा पाना गाडीतच राहिला. बाळ दोन दिवस पाना चोखत हिंडत होतं. बाळाला काही झालं नाही, उलट पाना काढून घेतला तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं. पण आत्याचा भाऊ विम्याच्या कचेरीत कामाला. त्याला सरळ रस्त्यावरही अपघात दिसायचे.

"ताई, आता पुरे झालं," तो म्हणाला. "तुझं लक्ष राहत नाही. टेबल काढून टाकू या. सोमवारी सुतार येईल, तिथे छान कपाट करून देईल."

आत्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "बाळ्या, एक सांगते. माझ्या हातून एक चाक जरी चुकीचं बाहेर गेलं ना, तर त्या दिवशी मीच पाना खाली ठेवीन. तुझ्या सुताराला मीच चहा करून देईन. तोवर टेबलाला बोट लावायचं नाही."

"शब्द?"

"शब्द."

बोलली खरी. पण त्या रात्री तिला झोप आली नाही. कारण बाळ्या खोटं बोलत नव्हता, आणि हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. हल्ली ती गेली की परतीची वाट लांब झाल्यासारखी वाटायची. टेबल गेलं तर हात रिकामे होणार, आणि हातच रिकामे झाले तर परत यायचं कशाला? तिला याची भीती वाटत होती. 

शनिवारी दुपारी भिंगरी स्कूटर घेऊन खाली आली. भिंगरी म्हणजे बाळ्याची बारा वर्षांची लेक. घरात चालायची नाहीच, गोल फिरायची, म्हणून आत्यानेच ते नाव ठेवलं होतं. स्कूटर पायाने ढकलायची, पाठ्यपुस्तकाएवढ्या रुंदीची पाटी आणि कमरेइतका उंच दांडा.

"आत्या, पेग बसवायचेत."

आत्याने चष्म्यावरून बघितलं. "बापाला विचारलंस का?"

"अगं ते नाही! हे." भिंगरीने पुडा फोडला. आत बोटभर लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन पोकळ लोखंडी नळकांड्या, दोन लांब बोल्ट आणि मूठभर वॉशर. पुड्यावर 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलेलं होतं. "एक पुढच्या चाकाला, एक मागच्या चाकाला, दोन्ही उजवीकडे. मग उडी मारायची आणि लोखंडी कठड्यावर हे टेकवून घसरत जायचं."

"म्हणजे चाकं असताना चाकावर चालायचं नाही?"

"थोडा वेळ नाही. मग परत चाकावर उतरायचं."

आत्या हसली. "माझ्यासारखंच की गं!"

तिला ते फार आवडलं. आयुष्यभर तिने चाकं जमिनीला धरून राहावीत म्हणून खटपट केली होती. आणि ही पोर म्हणते, थोडा वेळ जमीन सोडायची, कडेवरून तरंगत जायचं आणि मुकाट्याने परत यायचं. अशासाठी चाक बसवायला तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

पुड्यात एक कागदही होता, बारीक चित्रांचा. "आधी हे बघ ना," भिंगरी म्हणाली.

"मला आता कागद शिकवणार होय?" असं म्हणून आत्याने कागद टेबलावर पसरला आणि त्याच्यावर बशी ठेवली. ही बशी तिच्या कामातली. कान तुटलेल्या कपाची, निळ्या काठाची. काम करताना निघालेला प्रत्येक तुकडा बशीत जायचा आणि काम संपलं की ती बशी फडक्याने पुसून ठेवायची. बशी पुसल्याशिवाय उठायचं नाही.

पुढचं चाक दोघींनी मिळून केलं. भिंगरीने एलन की, म्हणजे ती षटकोनी टोकाची वाकडी किल्ली, धरली, आत्याने पाना. जुना बोल्ट निघाला, चाक चिमट्यातून सुटून हातात आलं. दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढी बेअरिंगं आणि दोहोंच्या मधे एक इवलीशी नळी, ती टपकन बशीत पडली.

"ही कशाला असते?"

"ही मधली. बोल्ट आवळला की दोन्ही बाजू एकमेकींवर चेपतात ना, ही मधे उभी राहते आणि म्हणते, बायांनो, इथवरच." आत्याने नळी परत आत सरकवली, लांब बोल्टवर पेग चढवला, बोल्ट चाकातून पार केला, वॉशर, नट, आणि गच्च आवळून टाकलं. चाक फिरवलं तर सुळकन फिरलं. पेग मुठीत धरून पिरगाळला तर जागचा हलला नाही. "नेण्याआधी प्रत्येक पेग असा धरायचा. मास्तर कान धरतात तसा. आणि त्याच्यावर उभं राहून पाहायचं. वजनकाट्याची गोष्ट माहितीये ना?"

"बुडाखालून गेल्याशिवाय!" भिंगरी खिदळली. ही गोष्ट तिने शंभर वेळा ऐकली होती.

तेवढ्यात वरून आईची हाक आली. खाऊन घे आणि मगच काय ते कर. भिंगरी गिरक्या घेत जिना चढून गेली आणि खोली एकदम शांत झाली.

आत्याने मागचं चाक काढलं. चाक निळं होतं, काचेच्या गोटीसारखं अर्धपारदर्शक. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती, त्यात तिने ते सहज धरलं आणि बोटाने फिरवलं. छतावर निळा उजेड हलायला लागला. बेअरिंगचा बारीक सूर लागला. तो सूर तिच्या ओळखीचा होता. इस्पितळाच्या लांब बोळातून रिकामी ढकलगाडी कुणी नेत असलं की असाच सूर यायचा, आधी लांबून, मग जवळून, मग परत लांबून. वरच्या खिडकीतून पावलं जायची. लाल चपला, फाटके बूट, एक म्हातारी काठी. एकदा एक जोडी खिडकीशी थांबली होती, तपकिरी, लेस सुटलेली, आणि बराच वेळ तिथेच उभी होती. कुणाची होती ती? ती वाट कुणाची बघत होती? आत्या बोळातून चालत गेली. सगळीकडे पाण्याखाली असतो तसा उजेड होता. कोपऱ्यात वजनकाटा पांढऱ्या पलंगावर पांढरा रंग देत होता आणि गुणगुणत होता, आणि त्याने मान वर न करताच विचारलं, "झालं का बाई तुमचं?"

"झालं," आत्या म्हणाली. आणि खरंच झालं होतं. हातांनी बोल्ट पार केला होता, पेग चढवला होता, नट आवळला होता. आवळल्यावर चाक जरा अडलं, तेव्हा हातांनी नट पाव फेरा मागे घेतला होता, आणि चाक परत सुळकन फिरायला लागलं होतं. इस्पितळातल्या जुन्या खुर्च्यांचं असंच असायचं. आवळायचं, अडलं की पाव फेरा मागे. एकतीस वर्षांची सवय. हातांना ती सांगावी लागत नव्हती.

भिंगरी धडधडत खाली आली, "झालं?" म्हणाली, स्कूटर उचलली, हेल्मेट डोक्यावर आदळलं आणि गेली. मैदान तसं जवळ नव्हतं, चालत वीस मिनिटं तरी. तिथे सिमेंटचे उतार आणि लोखंडी कठडे होते आणि आज ती पहिल्यांदाच कठड्यावर चढणार होती. सगळ्यात बुटक्या, तरीपण कठड्यावरच.

आत्या थोडा वेळ नुसती बसून राहिली. बरं वाटत होतं. मग फडकं घेऊन तिने बशी उचलली.

बशीत दोन जुने बोल्ट होते. आणि एक नळी.

आधी तिला वाटलं, जास्तीची असेल. पुड्यात देतात कधीकधी. असं वाटून घेणं किती सोपं होतं! बशीखालचा कागद मोकळा झाला होता आणि त्यावर मधोमध चित्र होतं: चाक, दोन बेअरिंगं आणि मधे ती नळी, ठळक काळ्या रेघेने दाखवलेली. पुढच्या चाकाची नळी आत सरकवल्याचं आत्याला लख्ख आठवत होतं. मागच्या चाकाचं तिला आठवेना. तिला फक्त तपकिरी बूट आठवत होते.

 नळी नाही म्हणून चाक अडलं होतं. अडलं म्हणून हातांनी ढिलं केलं होतं. म्हणजे मागचा पेग पकडीतच नव्हता. पोर उडी मारेल, सगळं वजन त्या पेगवर देईल, तो तिरका होईल, चाक जाम होईल, आणि खाली सिमेंट.

भिंगरीचा फोन वर चार्जिंगला लावलेला. आत्याचा गुडघा धरलेला, ती चालत गेली तर अर्धा तास. बाळ्या मात्र वर होता, आणि बाळ्याकडे गाडी होती. पाच मिनिटांचं काम. फक्त त्याला सांगावं लागणार होतं.

खोटं कशाला सांगू, आत्या एक क्षण थांबली. दाराशी उभी राहून तिने टेबलाकडे बघितलं. गुपचूप रिक्षा बघावी, गुपचूप नळी बसवून यावी, कुणाला काही कळायचं नाही... आणि रिक्षा नाही मिळाली तर? स्वतःच्या मनात असं काही आलं याची तिला इतकी लाज वाटली, की तिने नळी मुठीत आवळली, पाना आणि एलन की पदराच्या गाठीत बांधली आणि जिन्यात उभी राहून ओरडली, "बाळ्या! गाडी काढ! मी चूक केलीये!"

 गाडीत बाळ्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो ओरडला असता तर आत्याला बरं वाटलं असतं. रस्त्याकडेची झाडं मागे जात होती, दुकानं जात होती, एक माणूस आरसा डोक्यावर घेऊन चालला होता आणि आरशात आभाळ हलत होतं. एरवी ती त्या आरशातून कधीच निघून गेली असती. आज ती मुठीतल्या नळीला धरून बसली.

मैदानात पोरांचा कल्ला होता. उतारांवरून चाकं घरंगळत होती, उन्हं कलली होती. बाळ्या गाडी तशीच उघडी टाकून पळाला. आत्या मागून लंगडत निघाली. पायऱ्यांवर जाऊन बघते तर भिंगरी शांतपणे बसलेली! हेल्मेट डोक्यावर, स्कूटर शेजारी उलटी करून ठेवलेली, हनुवटी तळहातावर.

बाळ्याने तिला धरून वरून खालून तपासली. आत्याचा जीव भांड्यात पडला. ती पायरीवरच बसली.

"पडलीबिडलीस का?"

"चढलेच नाही. मागचा कान धरला तर फिरला," भिंगरी म्हणाली. "मग वर उभी राहिले, तर खाली गेला. म्हणून बसले."

"अगं मग घरी का नाही आलीस?" बाळ्या आता कुठे ओरडला.

भिंगरीने बापाकडे बघितलं, मग आत्याकडे. आवाज जरा बारीक झाला. "घरी आले असते तर बाबा, तुम्हाला कळलं असतं. आणि आत्या येणारच होती. ती बशी पुसते ना शेवटी."

 आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने येऊ दिलं. मग पदराची गाठ सोडली आणि तिथेच, पायरीवर, मागचं चाक उघडलं. भिंगरीने एलन की धरली. नळी आत गेली, बोल्ट गेला, नट गच्च आवळला. चाक सुळकन फिरलं. आत्याने पेगचा कान धरला, हलला नाही. कनवटीचा खडू काढून तिने पाटीच्या खालच्या अंगाला एक खूण केली आणि खडू तसाच हातात धरून म्हणाली, "बाळ्या, शब्द म्हणजे शब्द. चाक चुकीचं बाहेर गेलं. सोमवारी सुतार येऊ दे. मी चहा करते."

"बाहेर गेलं?" भिंगरी उसळलीच. "कुठे गेलं बाहेर? दुसरी खूण कुठे झाली होती? दुसरी खूण झाल्याशिवाय बाहेर गेलं म्हणत नाहीत! बाबा, हिला सांगा ना, हिचाच नियम आहे!"

 विम्याच्या कचेरीत बाळ्याने आयुष्यभर असल्याच कलमांवर माणसांना अडवलं होतं, त्यामुळे कलम पक्कं आहे हे त्याला कळत होतं. तो बहिणीकडे बघत राहिला. जिन्यातली तिची हाक अजून त्याच्या कानात असावी.

"तर मग दुसरी खूण कर आणि मोकळी हो," तो शेवटी म्हणाला.

"माझं वजन पुरत नाही. बत्तीस किलो." भिंगरीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमचं किती?"

तर मंडळी, विमा कचेरीतला तो गृहस्थ, चकचकीत बूट आणि इस्त्रीची पँट घालून, एका हाताने लेकीचा खांदा धरून, एका हाताने बहिणीचं डोकं धरून, आधी पुढच्या पेगवर आणि मग मागच्या पेगवर उभा राहिला. सगळं वजन टाकून. वर दोनदा दचके पण दिले. आजूबाजूची पोरं खेळ थांबवून बघत होती. लोखंड कण्हलं, पण पेग हलला नाही.

खाली उतरून त्याने घाम पुसला आणि हात पुढे केला. "आण तो खडू."

त्याची खूण वाकडी आली. कधी केलीच नव्हती ना!

"सुताराला काय सांगू?" आत्याने विचारलं. 

"येऊ दे त्याला." बाळ्या बोटांचा खडू झटकत होता. "टेबलाशी आणखी एक स्टूल लागेल म्हणून सांग. जरा भक्कम. मला बसायचंय. आठवड्याचं काम साठवून ठेव, रविवारी मी येत जाईन खुणेला."

भिंगरी तोवर उताराच्या टोकाला पोचली होती. तिने पाय मारला, एकदा, दोनदा, आणि बुटक्या कठड्याशी येऊन उडी घेतली. चाकं सुटली. दोन्ही पेग लोखंडावर टेकले, खर्रर्र असा लांबलचक आवाज झाला. हातभर असेल नसेल, पण ती तेवढी तरंगत गेली. मग चाकं सिमेंटवर उतरली आणि पोर उभीच्या उभी पुढे निघून गेली.

कलत्या उन्हात मैदानावरून कितीतरी निळे, लाल, पिवळे ठिपके फिरत होते आणि सगळ्या चाकांचा मिळून एक सूर लागला होता. बाळ्याने सवयीने शेजारी बघितलं. आत्याची नजर समोर टेकलेली, ओठ थोडे उघडे.

"गेलीस का ताई?" त्याने हळूच विचारलं.

"नाही रे," आत्या म्हणाली. "इथेच आहे."